घरशाळेची सुट्टी

आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये माझ्या मुलीला एक प्रश्न ठरलेला असतो. सकाळचे दहा वाजलेले असतात, तिच्या हातात भाजीची पिशवी असते आणि बरोबरच्या कुणा आजोबांना राहवत नाही. "बेटी, आज स्कूल की छुट्टी है?" पहिली दोन वर्षे ती "नाही" म्हणे आणि मग आठव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत तिला सगळी हकीकत सांगावी लागे. आता ती शहाणी झाली आहे. ती नुसते "जी" म्हणते. आजोबांचे समाधान होते आणि लिफ्टचा दरवाजा उघडतो.

खरे पाहता तिला सुट्टी कधीच नसते, किंवा नेहमीच असते. ती शाळेत जात नाही, घरीच शिकते. दिल्लीला लागून, यमुनेच्या पूर्वेकडे, नोएडा नावाचे जे नवे नगर उभे राहिले आहे तेथे आम्ही राहतो. 2020 सालच्या मार्चमध्ये देशातल्या साऱ्या शाळांना कुलपे लागली तेव्हा ती सात वर्षांची होती. दोन वर्षांनी कुलपे निघाली, परंतु तोवर घरातल्या शिकण्याला एक चाल सापडली होती. सकाळी वडिलांबरोबर गणित, दुपारी माझ्याजवळ मराठी व इतिहास, आणि उरलेला दिवस तिचा तिचा. आम्ही तिला परत पाठवले नाही. हा निर्णय आमचा होता, तिचा नव्हता. ही गोष्ट मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते.

कायद्याचे काय, असे पुष्कळजण विचारतात. 2009 सालचा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्याने शाळेचा हक्क दिला, आणि मुलाला शाळेत घालणे हे आईबापांचे कर्तव्य ठरवले. मात्र ते कर्तव्य न बजावणाऱ्या आईबापांना शिक्षा कोणतीच सांगितली नाही. आमच्यासारखी कुटुंबे त्या मोकळ्या जागेत उभी आहेत. पुढची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची. 1989 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे मुख्य कार्यालय आमच्या नोएडातच आहे. चौदा वर्षे पुरी झाली की मूल तिच्याकडून दहावीच्या परीक्षेला बसू शकते. पाच विषय घ्यायचे, घरी अभ्यास करायचा आणि वर्षातून दोनदा होणाऱ्या परीक्षांपैकी हवी ती द्यायची. प्रमाणपत्राची किंमत इतर मंडळांच्या प्रमाणपत्राएवढीच.

नातेवाईक काळजीने बोलू लागले म्हणजे मी पंडिता रमाबाईंचे उदाहरण पुढे करीत असे. 1858 साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत शिकवले ते त्यांच्या आईने, लक्ष्मीबाईंनी. आणि लक्ष्मीबाईंना शिकवले होते त्यांच्या पतीने, अनंतशास्त्री डोंगरे यांनी. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' म्हणून गौरविले तेव्हा त्यांच्याजवळ कोणत्याही शाळेचा दाखला नव्हता. हे उदाहरण बिनतोड आहे अशी माझी समजूत होती. गेल्या दिवाळीपर्यंत होती.

त्या दिवाळीच्या, म्हणजे 2025 सालच्या दिवाळीच्या, आठवड्याबद्दल मी बोलणार आहे.

ऑक्टोबर लागला तशी मुलगी म्हणू लागली, "मला सुट्टी हवी." मी म्हटले, "घे की. उद्या काही करू नकोस." ती म्हणाली, "तशी नको. खरी सुट्टी हवी. जी संपते ती." मी हसून विषय सोडून दिला. हसायला नको होते.

वसुबारसेच्या दिवशी, 17 तारखेला, नागपूरहून माझ्या बहिणीचा मुलगा आला. तो तेरा वर्षांचा, आठवीत शिकतो. महाराष्ट्रातली दिवाळीची सुट्टी कशी ऐसपैस असते हे आपणांस ठाऊक आहेच. इकडे दिल्लीकडे मुलांच्या वाट्याला मोजके दिवस येतात. खरी मोठी सुट्टी जानेवारीच्या थंडीत. त्यामुळे हा भाचा म्हणजे आमच्या कॉलनीतल्या मुलांना एखादा संस्थानिकच वाटला. त्याच्या पेटीत फराळाचे दोन डबे, कागदात गुंडाळलेले मातीचे मावळे, सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज आणि सर्वांत तळाशी, कोणाच्या दृष्टीस पडू नये अशा बेताने ठेवलेली, सुट्टीच्या अभ्यासाची वही होती. ती वही माझ्या मुलीने पहिल्याच संध्याकाळी शोधून काढली. रात्री नऊ वाजता पाहते तो ही जमिनीवर पालथी पडून त्याची त्रैराशिके सोडवीत होती, आणि तो लोडाला टेकून चिवडा खात होता. "मावशी, हिला आवडतंय," तो म्हणाला. तिने मान वर न करता विचारले, "हे तपासतं कोण? बाई लाल शाईने बरोबरची खूण करतात का?"

दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी. सकाळी किल्ल्याला सुरुवात झाली. दिवाळीत अंगणात किल्ला करायचा ही रीत आमच्या कॉलनीत कोणाला माहीत नव्हती. बागेच्या कडेची हातभर रुंद जागा माळीबाबांनी दिली आणि बघता बघता दहाबारा मुले जमली. भाच्याला राजगड करायचा होता: मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या. पण माती त्याचे ऐकेना. ती यमुनेच्या गाळाची, रेताड. आमच्याकडच्या काळ्या-तांबड्या मातीचा चिकटपणा तिच्यात कोठला! बालेकिल्ला दोनदा ढासळला. तिसऱ्या वेळी माळीबाबांनी खुरपे खाली ठेवले, गव्हाचा भुसा आणि थोडे शेण आणून मातीत कालवले आणि तो गारा रात्रभर मुरू द्यायला सांगितले. ते बुंदेलखंडातले. घराच्या भिंती अशाच लिंपतात, असे ते म्हणाले. डोंगरी किल्ला उभा राहतो तो खालच्या खडकाच्या जोरावर आणि मैदानातला किल्ला उभा राहतो तो मातीच्या मशागतीवर, हे मुलांना मी सांगण्याआधी त्या ढासळलेल्या बालेकिल्ल्याने सांगितले.

रविवारी सकाळी किल्ला सुकत होता. त्याच्यावर हळीव आणि मोहरी पेरून झाली होती. एका पंजाबी मुलाने पायथ्याशी पहाऱ्याला आपला प्लास्टिकचा डायनॉसोर उभा केला. भाच्याने तो दोनदा काढला. तिसऱ्यांदा त्याला तोफखान्याचा दर्जा मिळाला. कोणीतरी विचारले की हे मराठे इतक्या लांब, दिल्लीपर्यंत, आले होते का. तेव्हा मला सांगता आले की आपण बसलो आहोत त्या जागेहून फार लांब नाही अशा ठिकाणी, पटपडगंजच्या बाजूला, 11 सप्टेंबर 1803 रोजी शिंद्यांच्या फौजेची आणि लॉर्ड लेकच्या इंग्रज फौजेची लढाई झाली. शिंद्यांच्या पलटणींचा सेनापती बूर्कें नावाचा फ्रेंच होता. शिंदे हरले आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. त्या लढाईचे स्मारक आज नोएडाच्या गोल्फ मैदानाच्या आत उभे आहे, आणि रोज शेकडो मोटारी त्याच्या कुंपणावरून जातात. मुलांनी लढाईची गोष्ट ऐकून घेतली खरी, पण त्यांना सर्वांत आवडले ते हे, की मराठ्यांचा सेनापती फ्रेंच असू शकतो. मग डायनॉसोरालाही कोणाची हरकत उरली नाही.

या गर्दीच्या कडेला एक मुलगी दोन दिवस नुसती उभी होती. काखेत वर्षा-सव्वा वर्षाचा भाऊ. फाटकावरच्या पहारेकऱ्याची ती मोठी मुलगी. वय बाराच्या आसपास, म्हणजे माझ्या मुलीएवढेच. रविवारी ती म्हणाली, आमच्या बिहारात दिवाळीला मुली घरौंदा करतात. मातीचे छोटे घर बांधायचे, रंगवायचे आणि मातीच्या इवल्याशा बोळक्यांतून लाह्या, बत्तासे भरून त्यात ठेवायचे. माझ्या मुलीने तिच्या काखेतला भाऊ आपल्या काखेत घेतला, आणि ती गाऱ्यात हात घालून बसली. संध्याकाळपर्यंत राजगडाच्या शेजारी दुमजली घरौंदा उभा होता, जिना आणि तुळशीच्या वृंदावनासकट. भाच्याने कबूल केले की कारागिरीत किल्ला हरला.

त्याच रविवारी दुपारी गच्चीवर आणखी एक उद्योग झाला. तो सविस्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही. मराठी पंचांगात त्या दिवशी सण नव्हता. त्रयोदशी आणि चतुर्दशीच्या मध्ये एक रिकामा दिवस आला होता. आदल्या रात्री मुलीने नागपूरला आजोबांना फोन करून कळवले होते की तुमच्या गच्चीत एक मीटर लांबीची काठी ओळंबा लावून सरळ उभी करा आणि साडेअकरापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. आम्ही इकडे तेच केले. भर दुपारी सावली सर्वांत आखूड होते. पण ती नेमकी कोणत्या मिनिटाला, हे डोळ्यांनी ठरवणे अवघड. मुलांनी मग युक्ती केली. आधीच्या आणि नंतरच्या खुणांतल्या सारख्या लांबीच्या जोड्या घेतल्या आणि त्यांची मधली वेळ काढली. आमची मध्यान्ह बारा वाजून पाच-सहा मिनिटांनी आली. आजोबांचा फोन आला: त्यांच्याकडे बाराला एक-दोन मिनिटे असतानाच सूर्य माथ्यावरून कलला होता. भाचा चक्रावला. नागपूर दिल्लीच्या बरोबर खाली आहे अशी त्याची समजूत होती. नकाशात पाहिले तो नागपूर जवळजवळ दोन अंश पूर्वेला. अंशाला चार मिनिटे, हिशेब जुळला.

पण मुख्य नवल सावलीच्या लांबीचे होते. आमच्याकडे ती सुमारे ऐंशी सेंटीमीटर भरली, नागपुरात साठ. त्यांनी कागदावर दोन काटकोन त्रिकोण काढले, कोनमापक लावला. एक कोन साडेअडतीस अंशांचा, दुसरा एकतीसचा. फरक साडेसात अंश. संपूर्ण वर्तुळाचा तो अठ्ठेचाळिसावा भाग. आता नोएडापासून नागपूरच्या अक्षांशापर्यंतचे सरळ दक्षिणोत्तर अंतर हवे होते. ते नकाशावर दोरा ताणून काढले. 820 किलोमीटर आले. अठ्ठेचाळिसाने गुणल्यावर पृथ्वीचा परीघ निघाला 39,360 किलोमीटर. खरा आकडा 40,000 किलोमीटरच्या आसपास आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस याने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन नगरांतल्या सावल्यांवरून हेच गणित केले होते. त्याला आलेला फरक वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा होता. हे मी त्यांना नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर ती एक कथा झाली असती.

फोनवर आजोबांचा आवाज भरून आला होता. सत्तर वर्षांत आपल्या गच्चीवरून पृथ्वी मोजता येईल असे त्यांना वाटले नव्हते. मुलगी मात्र गप्प होती. थोड्या वेळाने ती भाच्याला म्हणाली, "तू हे वर्गात सांगशील ना? मग सगळे काय म्हणतील?" त्याने खांदे उडवले. सांगेन, नाहीतर नाही सांगणार. त्याच्याजवळ सांगायला चाळीस जण होते, म्हणून त्याला त्याचे काही वाटले नाही.

सोमवारी पहाटे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान झाले. उटणे, कारीट, सगळे यथासांग. कारीट नागपूरहून आले होते, कारण इकडच्या बाजारात ते कोणाला समजावून सांगता येत नाही. पण आमची ही पहिली पहाट उजाडते न उजाडते तोच सबंध दिल्ली आपल्या दिवाळीच्या रात्रीच्या तयारीला लागली होती. त्या वर्षी घोळ असा झाला की उत्तरेत लक्ष्मीपूजन सोमवारी, 20 तारखेला, आणि महाराष्ट्रात मंगळवारी, 21 तारखेला. मुलीने विचारले, "चंद्र तर एकच आहे ना?"

प्रश्न रास्त होता. तिच्या वडिलांनी मोसंबे आणि दिवा घेऊन जमीन गाठली. सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर बारा अंशांनी वाढले म्हणजे एक तिथी पुरी होते. चंद्र कधी पृथ्वीजवळून वेगाने जातो, कधी लांबून रेंगाळत. म्हणून तिथी कधी वीस तासांची, कधी सव्वीस तासांची. त्या आठवड्यात चंद्र दूर चालला होता. अमावास्या सोमवारी दुपारी पावणेचारच्या सुमारास लागली आणि मंगळवारी संध्याकाळी सहाला सहा मिनिटे कमी असताना संपली. सव्वीस तासांहून अधिक लांबलेली ही अमावास्या दिल्लीत दोन्ही संध्याकाळींना शिवून गेली. सोमवारची सारी रात्र तिची होती. मंगळवारी सूर्य मावळल्यावर ती जेमतेम आठनऊ मिनिटे उरली. तेव्हा लक्ष्मीपूजन कोणत्या संध्याकाळचे? पंचांगकर्त्यांनी शास्त्रातल्या वचनांचा आपापल्या परीने अर्थ लावला आणि दोन उत्तरे आली. आमच्या घरी निकाल नागपूरच्या आजींनी दिला. मंगळवार. त्याला अपील नव्हते.

तेव्हा सोमवारी रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या दिवाळीला गेलो आणि मंगळवारी साऱ्या इमारतीत आमच्याच दारी पणत्या होत्या. जो येई तो विचारी, आणि मुलगी दाराशी उभी राहून प्रत्येकाला चंद्र समजावून सांगे. तिचे ते सांगणे दर खेपेस अधिक आटोपशीर होत गेले. सहाव्या शेजाऱ्यापर्यंत मोसंब्याची गरज उरली नाही. शिकवल्याने शिकणे होते म्हणतात, ते मी त्या रात्री पाहिले; आणि हेही पाहिले की आमच्या घरात तिला शिकवायला कोणी नसते.

मंगळवारची सकाळ मात्र घरात कोंडून काढावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी हरित म्हणवणाऱ्या फटाक्यांना ठराविक तासांपुरती मुभा दिली होती. आमच्या भागात मध्यरात्र उलटून गेली तरी आवाज थांबले नव्हते. उजाडले तेव्हा समोरची इमारत दिसत नव्हती आणि घशात जळल्यासारखे होत होते. अशा हवेमुळे 2024 च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या शाळा बंद ठेवून मुलांना घरून शिकवण्याची पाळी आली होती. तेव्हा लोक मला म्हणाले, आता आमचीही घरशाळाच. मी काही बोलले नाही. पडद्यासमोर सहा तास बसलेले मूल घरी असते, परंतु घरात नसते.

त्या कोंडलेल्या सकाळी अनारसे केले आणि ते हसले. तुपात सोडताच फुटून विरघळले. या भागातला गूळ ओलसर असतो. नेहमीचे माप घेतले की पीठ सैल पडते. वाटीभर तांदळाची पिठी आणखी मळल्यावर पुढचे घाणे नीट उतरले. भाचा हसलेले अनारसे चमच्याने खात म्हणाला की हेच अधिक चांगले. त्याचे बरोबर होते.

पाडव्याच्या दुपारी हवा जराशी निवळली. मी बाल्कनीत कपडे वाळत घालीत होते, तो खालून आवाज आला. किल्ल्यापुढे मुले रांगेत बसली होती. माझी मुलगी हातात भाच्याची वही धरून उभी होती आणि एकेक नाव पुकारीत होती. प्रत्येक मूल "हजर" म्हणत होते. पंजाबी, बंगाली, मल्याळी, सगळी मुले, त्या एका मराठी शब्दावर खूष होऊन. पहारेकऱ्याची मुलगी सर्वांत मोठ्याने ओरडली. सगळी नावे झाल्यावर माझी मुलगी क्षणभर थांबली. मग तिने आपले स्वतःचे नाव वाचले आणि हलकेच, जणू कोणी ऐकू नये अशी, "हजर" म्हणाली.

ती सहा वर्षांत कोणाच्या हजेरीत नव्हती.

संध्याकाळी दोघी मुली जिन्यात बसल्या होत्या. मी दिवे लावायला आले आणि आडून ऐकले, हे कबूल करते. पहारेकऱ्याची मुलगी सांगत होती की तिला शाळा उघडण्याची घाई झाली आहे. सरकारी शाळा, वर्गात साठ मुली, पंखा चालत नाही. पण शाळेत असेपर्यंत भावाला कोणी तिच्या काखेत देत नाही, भांडी घासायला बोलावीत नाही, आणि दुपारचे जेवण तिला स्वतःला वाढून घ्यावे लागत नाही. "घरी मी काम करते," ती म्हणाली, "शाळेत मी बसते." मग तिने माझ्या मुलीला विचारले, "तुझे आईवडील तुला शाळेत का पाठवीत नाहीत? पैसे नाहीत का?"

माझ्या मुलीला उत्तर देता आले नाही. मलाही आले नसते. पंडिता रमाबाईंचे नाव त्या जिन्यात उच्चारण्याची माझी छाती नव्हती. रमाबाई घरी शिकल्या त्या काळी त्यांच्यासाठी दुसरे दार नव्हते. त्यांच्या जन्माआधी दहा वर्षे, 1848 साली, पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली आणि तिच्यात शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंनी अंगावर शेणमाती झेलली, ती दार उघडावे म्हणून. ज्या मुलीसाठी ते दार उघडले ती ही, जिन्यातली, भावाला मांडीवर झोपवणारी. आणि मी माझ्या मुलीला त्या दाराच्या बाहेर बसवून तिच्या हातात रमाबाईंचे चरित्र देत होते.

रात्री मला गांधीजींची आठवण झाली. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी आपल्या मुलांना शाळेत घातले नाही. जमेल तसे स्वतः शिकवले. पुढे 1910 साली टॉल्स्टॉय फार्म निघाले तेव्हा तेथल्या मुलांचेही ते मास्तर झाले. आत्मचरित्रात त्यांनी मोकळेपणाने लिहिले आहे की पुरेशा शिक्षणाअभावी आपल्या मुलांची आपल्याविरुद्ध तक्रार राहिली. तरीही आपण केले ते चूक होते असे त्यांना वाटले नाही. थोरले चिरंजीव हरिलाल मात्र वडिलांना सोडून शाळेसाठी हिंदुस्थानात निघून आले. वडिलांच्या तत्त्वाची किंमत मुलांनी द्यावी का, हा प्रश्न त्या थोर घरातही सुटला नाही. आमच्या तत्त्वाची तर तेवढी थोरवीही नाही. करोनाच्या दिवसांत एक सोय सापडली, ती गोड लागली आणि पुढे आम्ही तिला तत्त्वाचे नाव दिले, एवढेच कदाचित खरे असेल.

असे म्हणताना मी आमच्या घरशाळेवर अन्याय करीत नाही ना, असेही मनात येते. रविवारची सावली चाळीस मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात मावली असती का? बहुधा नाही. तिथी समजायला दोन रात्री लागल्या. भाचा शाळेत हुशार म्हणून ओळखला जातो, आणि तरी त्याने आजवर ओळंबा हातात धरला नव्हता. हे सारे मी यजमानांना बोलून दाखवले. ते म्हणाले, "पण हे सगळं झालं कधी? तो आला म्हणून झालं. ही पोरं जमली म्हणून झालं. गेल्या दिवाळीत आपण तिघंच होतो, तेव्हा काय झालं होतं?" गेल्या दिवाळीत तिने आठ पुस्तके वाचली होती आणि चार किलो वजन कमी करून बसली होती. त्या वेळी आम्ही पुस्तके मोजली.

भाऊबिजेला तिने मावसभावाला ओवाळले. ओवाळणी म्हणून त्याने आपली सुट्टीच्या अभ्यासाची वही, पुरी झालेली, तिच्या ताटात ठेवली आणि लगेच परत उचलून घेतली. बाईंना दाखवायची होती. तिला हसू आले आणि रडूही. दुसऱ्या दिवशी निजामुद्दीन स्थानकावर गाडी हलली तेव्हा तिने मला विचारले, "त्याची शाळा कधी सुरू होणार?" मी तारीख सांगितली. "म्हणजे त्याची सुट्टी संपेल," ती म्हणाली. मला ऑक्टोबरच्या सुरुवातीचे तिचे बोलणे आठवले.

छठ आटोपल्यावर एके सकाळी पहारेकऱ्याची मुलगी गणवेशात, दोन वेण्या घालून, फाटकाबाहेर पडली. माझी मुलगी तिच्याबरोबर रस्त्याच्या वळणापर्यंत गेली आणि परत येऊन किल्ल्याजवळ बसली. हळीव पिवळा पडला होता, बालेकिल्ल्याला भेग गेली होती, घरौंदा मात्र अजून शाबूत होता. त्या दुपारी तिने स्वतः फोन करून जवळच्या एका शाळेत सातवीच्या वर्गात मध्येच प्रवेश मिळतो का याची चौकशी केली. मधून नाही, एप्रिलपासून मिळेल. आधी एक चाचणी होईल, असे उत्तर आले.

आता आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन कागद आहेत. एक त्या शाळेचा प्रवेश-अर्ज आणि दुसरे मुक्त विद्यालयाचे माहितीपत्रक. निर्णय तिने करायचा आहे. वडिलांनी तारीख ठरवून दिली आहे आणि मी तोंड बंद ठेवण्याचे कबूल केले आहे. कागद एकावर एक ठेवलेले असतात. रोज सकाळी चहा ठेवताना मी पाहते, वर कोणता आहे. तो रोज बदललेला असतो.